दहाव्याला बोलणारे

पश्चिम महाराष्ट्रातल्या गावात एखादी म्हातारी गेली की दोन दिवसांत एसटी स्टँडवर फ्लेक्स लागतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. गं. भा.' आणि नाव. मधोमध मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला, डोक्यावर पदर घेतलेला फोटो. कडेने मुलगे, पुतणे, नातू आणि एक मित्रमंडळ, ज्याचा तिच्याशी कधी संबंध आला असेल असं वाटत नाही. दहाव्याला नदीकाठी प्रवचन होतं, आणि कावळा पिंडाला शिवायची वाट बघत असताना भाषणं होतात. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, पतसंस्थेचे संचालक बोलतात, तालुक्याहून आलेले एखादे माजी सभापती बोलतात. मातोश्री प्रेमळ होत्या, सोशिक होत्या, धार्मिक वृत्तीच्या होत्या, त्यांनी मोठ्या कष्टातून संसार उभा केला आणि मुलांवर चांगले संस्कार केले. बोलणारे सगळे मुलाच्या ओळखीचे असतात. म्हातारीला ओळखणाऱ्या बायका मागे, झाडाखाली, नाहीतर घरीच.

या भाषणांवर माझा आक्षेप ती खोटी असतात असा नाही. ती खरीच असतात, पण कुणाच्याही बाबतीत खरी असतात. नाव बदलून तेच भाषण पुढच्या महिन्यात दुसऱ्या घाटावर चालतं, आणि चालवलंही जातं. एका माणसाला इतर सगळ्यांपासून वेगळं करणारं ज्यात काहीच नाही, त्याला आठवण म्हणता येईल का? माझ्या मते नाही. ही विशेषणं म्हातारीचं वर्णन करतच नाहीत. तिचा आपल्याला काय उपयोग झाला तेवढंच सांगतात. सोशिक म्हणजे काय सोसलं? कुणामुळे? हे कुणी माइकवरून सांगायला लागलं तर पहिल्या रांगेतल्या निम्म्या माणसांना खाली बघावं लागेल. म्हणून 'सोशिक' म्हणून गप्प बसायचं. या एका शब्दाखाली दारू, मारहाण, दुसरी बायको, विकलेलं मंगळसूत्र, सगळं नीट झाकलं जातं.

आमच्या भागातल्या एका सुइणीच्या दहाव्याला मी होतो. भाषण करणाऱ्यांपैकी किमान दोघांची नाळ तिने कापली होती. दोघांनीही ती धार्मिक होती असं सांगितलं. ती धार्मिक बिलकुल नव्हती. संकष्टी करणाऱ्या सुनेला ती "तुझा गणपती येतोय का भाकरी थापायला" असं विचारायची, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. पण सुईणपणाचा उल्लेख कुणीच केला नाही. मला वाटतं, तो विसरण्याचा प्रकार नव्हता. बाळंतपण म्हणजे विटाळ, रक्त आणि बायकी कारभार. ते पिंडासमोर, प्रवचनकारांच्या देखत कसं बोलायचं? जिच्या हातून गाव जन्माला आलं, तिचं तेच काम श्रद्धांजलीच्या लायकीचं ठरलं नाही.

छोट्या गावात माणूस विसरला जात नाही, शहरात शेजारी मेला तरी कळत नाही, असं आपण नेहमी ऐकतो. यातला दुसरा भाग खरा आहे. पहिला अर्धाच. गावात आठवण असते, भरपूर असते, पण ती वाटून ठेवलेली असते. एका जावेला तिचं माहेर माहीत असतं, दुसरीला तिच्या मेलेल्या दोन मुलांची नावं. तिच्याबरोबर भांगलायला जाणारीला तिचं खरं मत काय होतं ते माहीत असतं, आणि शेजारणीला ती रात्री कुणाशी बोलत बसायची ते. हे तुकडे एका जागी येण्याचा प्रसंग गावाच्या रीतीत नाही. जो प्रसंग आहे, त्यात माइक ज्याच्याकडे जातो त्याच्याकडे यातला एकही तुकडा नसतो.

ही सुईण गावाचं जन्मनोंदणी कार्यालयच होती म्हणा ना. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा, पण वाड्यावस्त्यांवर नोंदीची सवय लागायला पुढे बरीच वर्षं गेली. त्या काळात कुणाचं वय किती हे तिला विचारायचं. हा पानशेत फुटलं त्या पावसाळ्यातला, म्हणजे 1961. ही कोयनेचा भूकंप झाला त्या थंडीतली, म्हणजे 1967 चा डिसेंबर. हे दोघे मिलो ज्वारी खाल्ली त्या सालातले, म्हणजे 72 चा दुष्काळ. गुरुजी मात्र शाळेत नाव घालताना 1 जून लिहून मोकळे व्हायचे. म्हणून महाराष्ट्रातल्या एका पिढीच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळा उघडायच्या सुमारास येतो. तिच्याकडची नोंद जास्त अचूक होती. तिचं स्वतःचं जन्मसाल मात्र कुणालाच माहीत नव्हतं. आधार कार्डावर 1 जानेवारी आणि अंदाजाने टाकलेलं एक वर्ष. फ्लेक्सवर वय छापलं ते त्यावरूनच.

दुष्काळाचा विषय निघाला आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण आपलं सार्वजनिक स्मरण कुणाचं असतं ते तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं. 1972-73 मध्ये राज्यभर दुष्काळी कामं निघाली. ऐन उन्हाळ्यात त्यांवर राबणाऱ्यांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच सुमारास राज्यभर पसरली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. पोटुशी असताना खडी फोडलेल्या, तान्हं मूल झाडाला झोळी बांधून ठेवलेल्या, दुपारी सुकडी खाल्लेल्या आणि घरच्यांसाठी पदरात बांधून नेलेल्या बायका. त्यांनी रस्ते केले, पाझर तलाव केले, नालाबांध घातले. आज त्यातल्या कित्येक रस्त्यांवर डांबर आहे, आणि तलावांपैकी काही गाळाने भरले तरी उभे आहेत. तिथे कोनशिला असलीच तर तिच्यावर मंत्र्याचं नाव आहे, अध्यक्षस्थानी कोण होतं ते आहे, कार्यकारी अभियंता आहे. ज्यांनी डोक्यावर पाट्या वाहिल्या त्यांची नावं फक्त मस्टरवर होती, अंगठ्याशेजारी. म्हणजे या बायकांच्या आयुष्यात सरकारने त्यांचं नाव, त्यांच्या कामाचे दिवस आणि त्याचा मोबदला असं तिन्ही एका ओळीत लिहिलं ते तिथे, आणि ते कागद जपून ठेवावेत असं कुणाला वाटलं नाही. दहाव्याच्या भाषणात "कष्टातून संसार उभा केला" असं म्हणतात तेव्हा 'संसार' या शब्दाला माझी हरकत आहे. तिने तलावही उभा केला होता. तो सार्वजनिक आहे, त्याचं पाणी अजून विहिरींना येतं.

आता ज्या एका कागदावर तिचं नाव हमखास असतं त्याकडे येऊ. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा ही मुलांच्या बरोबरीची वारस ठरली. नवरा गेला की फेरफार निघतो, वारस म्हणून तिचं नाव लागतं, आणि बऱ्याच घरांत थोड्याच दिवसांनी दुसरा फेरफार निघतो: हक्कसोडपत्र. आई आणि बहिणी मुलग्यांच्या नावे हक्क सोडून देतात. 1994 साली महाराष्ट्राने आणि 2005 साली देशाने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला, तरी तलाठी कार्यालयातली ही वहिवाट अजून संपलेली नाही. पुढे वीस-पंचवीस वर्षांनी म्हातारी जाते, तेव्हा मुलगा म्हणतो, "आईने आमच्यासाठी सगळं दिलं." फेरफाराचा क्रमांक घेऊन शोधलं तर हे वाक्य किती शब्दशः खरं आहे ते दिसेल. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या वहितीच्या खातेदारांपैकी बायका सुमारे 14 टक्के होत्या. शेतात मात्र कुठल्याही सकाळी जाऊन मोजा. शेतकरी संघटनेने 1986 मध्ये चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, आणि पुढे संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला: शेतकऱ्याने आपल्या हयातीत, स्वखुशीने थोडी तरी जमीन बायकोच्या नावे करून द्यायची. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यासाठी गाजलं. या कार्यक्रमाबद्दल अर्थशास्त्राच्या अंगाने खूप लिहिलं गेलंय. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. बाई जिवंत असताना तिची आठवण सातबाऱ्यावर ठेवली गेली. मेल्यावर फ्लेक्स लावण्यापेक्षा ही रीत कितीतरी खर्चिक आहे, म्हणून ती पसरली नाही.

धर्माने बायकांची आठवण अजिबात ठेवली नाही, असं मात्र म्हणता येणार नाही. श्राद्धात बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी आणि पणजी यांचाही उच्चार होतो. संकल्पाच्या वेळी गुरुजी पणजीचं नाव विचारतात, आणि घरात एकच धावपळ उडते. पणजोबांचं नाव सगळ्यांना येतं, ते वंशावळीत आहे. पणजीसाठी नागपूरच्या आत्याला फोन लागतो. आत्या सांगते ते सासरचं नाव. माहेरचं तिलाही माहीत नसतं. पितृपक्षाच्या पंधरवड्यात भाद्रपद वद्य नवमी येते, अविधवा नवमी, खास बायकांसाठीची तिथी. पण नावच सांगतं, ती कुठल्या बायकांसाठी ते. नवऱ्याच्या आधी गेलेल्यांसाठी. जी नवऱ्यामागे तीस-चाळीस वर्षं जगली, घर चालवलं, नातवंडं वाढवली, ती या मानाला मुकते. दीर्घायुष्य हा तिचा दोष ठरतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला, बांगड्या फोडणं आणि कुंकू पुसणं बंद करायचं ठरवलं, आणि सरकारने इतर गावांनाही तसं आवाहन केलं. त्याची बातमी सामाजिक सुधारणा म्हणून झाली, ते बरोबरच. पण माझ्या मते तो स्मरणाचाही ठराव होता. बाईच्या आयुष्याचा उत्तरार्ध हा नवऱ्याच्या मृत्यूची तळटीप नाही, हे त्यात गृहीत आहे.

मग खरी आठवण कुठे आहे? बायकांच्या बोलण्यात, आणि त्याहून जास्त त्यांच्या ओव्यांत होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून अनेक वर्षं जात्यावरच्या ओव्या जमवल्या. हजाराहून अधिक गावांतल्या तीन हजारांवर बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या. आता त्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या संकेतस्थळावर क्रमाने येत आहेत. मला या संग्रहातली सगळ्यात मोठी गोष्ट ओव्यांची संख्या वाटत नाही. तिथे ओवीखाली गाणारीचं नाव आणि गाव आहे. आपल्याकडे लोकसाहित्याची पुस्तकं कितीतरी निघाली, पण बहुतेकांत गाणारी 'एक वृद्ध स्त्री' नाहीतर 'खेड्यातील एक बाई' असते, संपादकाचं नाव मात्र ठळक. इथे बाई स्वतःच्या नावाने उभी आहे. कुणी म्हणेल, ओव्या काही आत्मचरित्र नव्हेत. त्यात तोच भाऊराया, तीच पंढरी, तोच सासुरवास, ठराविक साच्यातला. खरं आहे. पण कुठली ओवी कुणी उचलायची, कुठे थांबायचं आणि कुठल्या ओळीत हळूच स्वतःच्या नणंदेचं नाव घालायचं, हे तिचं होतं. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना, दुसऱ्या बाईच्या समोर बसून ती हे बोलत होती. तिथे तिला कुणी सोशिक म्हणत नव्हतं. ती काय सोसते ते सांगत होती. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि बायकांची मनगटं सुटली, फार बरं झालं. जात्यासाठी हळहळणाऱ्यांनी आधी आठवडाभर दळून बघावं. पण जात्याबरोबर जी जागा गेली, तिच्या बदल्यात दुसरी मिळाली नाही, हे नोंदवायला हवं.

इथे बहिणाबाई चौधरींचं उदाहरण देण्याचा मोह होतो, आणि ते नेहमी चुकीच्या बाजूने दिलं जातं. 1951 मध्ये त्या गेल्या, मग मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून ठेवलेल्या कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. बघा, अस्सल सोनं लपून राहत नाही, असं आपण म्हणतो. मी उलटं म्हणेन. निरक्षर आईचे शब्द उतरवून घेणारी माणसं घरात होती, मुलगा स्वतः कवी होता आणि त्याची अत्र्यांशी ओळख होती. एवढे योग एका घरात जमून आले म्हणून एक बाई कळली. त्या काळच्या खानदेशात पेरणी-कापणी करताना गाणाऱ्या बाकीच्या बायकांच्या घरी काय होतं?

बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' मला या सगळ्यात जास्त शिकवतं. फलटणच्या आपल्या दुकानात बसून त्यांनी ते लिहिलं आणि वर्षानुवर्षं नवऱ्यापासून, घरातल्यांपासून लपवून ठेवलं. 1980 च्या दशकात ते छापून आलं. शीर्षकातच 'आमुचं' आहे. ही एका बाईची कथा नाही, महारवाड्यातल्या बायकांची आहे. आणि त्यांनी म्हाताऱ्यांना देवी केलं नाही. स्वतः छळ सोसलेली सासू सुनेचा छळ कसा करते, तिच्या जिवावर कशी उठते, हे त्यांनी हातचं न राखता लिहिलं. बाहेरून येणारा जातीचा जुलूम आणि घरातल्या बाईने बाईवर केलेला जुलूम, दोन्ही. त्यामुळे त्या म्हाताऱ्या आज आपल्याला माणसं म्हणून दिसतात. दोष सांगितल्याने त्यांची आठवण उणावली नाही.

यावर दोन हरकती निघतील, आणि दोन्ही गंभीर आहेत. एक, मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये. दुसरी, छोट्या गावात अशी आठवण म्हणजे निव्वळ चुगली होईल; जमिनीचे तंटे, भानगडी वर येतील, आणि मेलेली बाई उत्तर द्यायला नसेल. पहिलीबद्दल माझं म्हणणं असं की वाईट बोलू नये हा नियम आपण पाळतो, पण पुरुषांच्या बाबतीत त्याला एक पळवाट ठेवतो: "स्वभावाने कडक होते." बाईचा राग, तिचा हट्ट, तिने कुणाशी धरलेला अबोला, हे सांगायला आपल्याकडे अशी सोयीची भाषाच नाही. ती तयार करायला हवी. चाळीस वर्षं धाकट्या दिराशी न बोललेली बाई ही एक भूमिका घेतलेली बाई आहे. दुसरी हरकत मात्र मला पूर्ण खोडून काढता येत नाही. सगळंच सगळ्यांसमोर सांगण्यासारखं नसतं. म्हणूनच हे काम ती जिवंत असताना, तिला विचारून व्हायला हवं. मेल्यावर बाकीच्यांनी ठरवायचं नव्हे.

ते मेल्यावर करता येत नाही याचं आणखी एक कारण आहे. अशा बाईकडे जे ज्ञान असतं, ते विचारल्याशिवाय ज्ञान म्हणून दिसतच नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री जाहीर झाला, तो गावरान बियाणं जपल्याबद्दल. कुठलं बी राखेत घोळायचं, कुठलं चुलीच्या धुराला टांगायचं, कुठला वाल कुठल्या उतारावर येतो, हे त्यांच्या भागातल्या अनेक बायकांना कमीअधिक येत होतं. 'बाएफ'सारखी संस्था आली, बियाणे बँक उभी राहिली, फळा लागला, आणि मग ते ज्ञान ठरलं. राहीबाईंचं मोठेपण त्याने कमी होत नाही. पण ज्यांच्या गावात कुणी आलं नाही, त्या म्हाताऱ्यांबरोबर तीच माहिती गेली, आणि भाषणात त्या 'शेतीची आवड असलेल्या' ठरल्या.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आईचं नाव लिहायचं, मग वडिलांचं. चांगला निर्णय आहे. ती मुलं म्हातारी होतील तेव्हा त्यांच्या नातवंडांना पणजीच्या नावासाठी नागपूरला फोन करावा लागणार नाही. पण आज ज्या बायका ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना या निर्णयाचा उपयोग नाही. जात्यावर दळलेल्या, दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या, अंधारात बाळंतपणं केलेल्या बायकांची ही शेवटची फळी. प्रत्येक गावात अशा मोजक्याच उरल्या असतील. नातीच्या हातात आता फोन आहे आणि आवाज टिपायला पैसे पडत नाहीत. ग्रामपंचायतीकडे संगणक आहे आणि गावच्या शाळेत सातवी-आठवीच्या पोरी आहेत, ज्यांना प्रकल्प म्हणून काहीतरी करायचंच असतं. वडाच्या झाडावर निबंध लिहायच्या ऐवजी त्यांनी हे करावं. माहेरचं नाव आधी विचारावं, मग माहेरचं गाव. कुठल्या कामावर किती मजुरी मिळाली. कुणाकुणाची बाळंतपणं केली. किती मुलं झाली आणि किती राहिली. जमिनीवर अंगठा कधी दिला, आणि तेव्हा कागद वाचून दाखवला होता का. कुणाशी पटलं नाही. मुलग्यांना आणि सुनांना त्या वेळी बाहेर बसवावं, नाहीतर उत्तरं तेच देतील. काही प्रश्नांवर म्हातारी सरळ सांगेल, "ते तुला कशाला?" मग पुढचा प्रश्न विचारावा, आणि अमुक गोष्ट सांगायची नाही असं तिने ठरवलं, हेही तिच्या नावानिशी वहीत लिहून घ्यावं.